शेवटचा रकाना

चेपन्गेनोनं फोनवर एवढंच सांगितलं,
"मेमरी पुरत नाही म्हणतंय. आणि छापतंय भलतंच."
केरिचोहून निघालो, बोडाबोडावर मागं बसून,
खिशात मेमरीच्या दोन पट्ट्या,
दोन्ही अंगांना चहा, कमरेइतका, सपाट छाटलेला,
कुणी सगळ्या ओळींची उंची आधीच
सारखी करून ठेवल्यागत.

पत्र्याचं खरेदी केंद्र. टांगलेला काटा.
बाकावर सकाळपासून सातआठ जण.
यादी निघाली होती, पण अशी:
नाव, क्रमांक, पाल्याचे किलो, खताची कपात
एका कागदावर,
आणि हातात पडायची रक्कम
पुढं कुठंतरी, नाव नसलेल्या कागदावर, एकटी.
मग कोरे. कोरे.
कोरे.

म्हाताऱ्या अराप मोसोनिकनं एक उचलून
उजेडाकडं धरला, उलटा करून पाहिला.
"हा माझा का?"

चारशे बारा उत्पादक. फाइल मात्र
गाभण गाईसारखी.
कंट्रोल आणि एंड दाबलं;
कर्सर खाली गेला, जिथं कुणाचंच काम नसतं,
दहा लाख अठ्ठेचाळीस हजार पाचशे शहात्तराव्या ओळीत.
तिथं एक स्पेस.
कुणाचा तरी अंगठा जरा टेकला असेल, बस्स.
तेवढ्यासाठी मशीन मधल्या सगळ्या ओळी
पोटाशी धरून बसलेलं,
एकेकीला चौकट, एकेकीला पिवळा रंग.

मी म्हणालो, रंग सगळा काढून टाकतो.
"थांबा," चेपन्गेनो म्हणाली, "पिवळे म्हणजे वारलेले.
आधीचा कारकून तोवेत करायचा तसं.
एकदा त्याचा हात घसरला
आणि रकानाभर पिवळं झालं खालपर्यंत."

वर मोजले. अकरा खरे.
त्यांतला एक मारितिम.
त्याची बायको तापकिगेन बाकाच्या टोकाला बसलेली,
आजही पाला त्याच्याच क्रमांकावर घालते.

मग चारशे तेरापासून खालचं निवडलं,
सबंध ओळीच उडवल्या. सेव्ह.
फाइल मिनिटभर गप्प राहिली
आणि हलकी झाली.
कागद आडवा केला, रुंदी एका पानात बसवली,
मथळा दर पानावर.
बाकी काही नाही. ह्याचे पैसे काय मागायचे,
मला कधी कळत नाही.

नऊ पानं. रक्कम नावाच्या शेजारी.
काळ्या शाईच्या प्रिंटरवर पिवळं राखाडी उमटलं,
ओल्या बोटानं पुसल्यासारखं.
तापकिगेननं त्या ओळीवरून नख फिरवलं,
डावीकडून उजवीकडं, टोकापर्यंत,
आणि म्हणाली, खताचे दोनदा कापलेत.

खरंच कापले होते.
चेपन्गेनोनं खुर्ची पुढं ओढली.
मी कोरे कागद गोळा केले, कडा ठोकून सरळ केल्या,
परत ट्रेमध्ये सरकवले.
मेमरीच्या पट्ट्या
खिशातच राहिल्या.