नावे बाजू

कूपर नदीकडे तोंड करून बसलेली
आमची जकात-कचेरी. चार्ल्स टाउन, सतराशे बहात्तर.
मी पंधराचा. अक्षर वळणदार, म्हणून
मिस्टर लॅडसननी ठेवून घेतलं.

पहिली शिकवण: ओळ मोडायची नाही.
मदिरेची पिंपं एकवीस, एक गळकं.
ब्रिस्टलचे खिळे. टोप्या, दोन पेट्या, भिजून गेलेल्या.
चीज, उंदरांनी कुरतडलेलं, वजनात तूट धरून.
आणि मग टाक न पुसता, त्याच शाईत,
नग एकशे सात.
निघाले तेव्हा एकशे एकतीस.
उरलेले चोवीस गळतीच्या रकान्यात,
मदिरेच्या खाली.

मोजपट्टी माझ्या हातात असायची.
चार फूट दोन इंचांच्या वर दहा पौंड,
खाली पाच.
अंगावर पिणाऱ्यांना माफ.
कायदा दयाळू आहे, मिस्टर लॅडसन म्हणत
आणि तपकीर ओढत.

एक पोर उभी राहिली पट्टीशी,
अंगाला तेल चोपडलेली, ओठ फुटलेले.
व्यापाऱ्याच्या माणसानं तिच्या डोक्यावर तळवा ठेवला,
आशीर्वाद द्यावा तसा,
आणि दाबला.
गुडघे वाकले. चार फूट, एक.
पाच पौंड वाचले कुणाचे तरी.
मी पाहिलं.
मी लिहिलं: पाच.

हात निघाला तशी ती सरळ झाली,
छातीवर बोट टेकवून म्हणाली, "याबोम."
दोनदा. दुसऱ्यांदा सावकाश,
मठ्ठ मुलाला समजावावं तसं.

मी रकाने पाहिले.
माल, मोजमाप, जकात, शेरा.
वहीला बाजू दोनच, जमा आणि नावे.
नावे बाजूला दलाली, गोदामभाडं, हमाली.
नाव एकही नाही.
शाई वाळत होती टाकावर.
शेऱ्यात लिहिलं: प्रकृती ठीक.

परवा सुनेनं दाराच्या चौकटीशी
नातीला उभं केलं, खडूची रेघ मारायला.
"टाचा टेक गं, लबाडी नको!"
पोर चवड्यांवर, हसत, आणखी उंच व्हायला बघत होती.
रेघ कुठे आली ते पाहायला मी थांबलो नाही.

बाहेर भरती होती.
तोंडातल्या तोंडात तो शब्द म्हणून पाहिला,
पहिल्या अक्षरावर जोर देऊन, मग शेवटच्या.
बरोबर कोणता,
सांगायला कुणी नव्हतं.