होल्टरचा कागद

धंतोलीच्या दवाखान्यात शेंडेबाईंनी
छातीवरचे केस पाच जागी भादरले,
पाच चकत्या चिकटवल्या, वायरी ओवल्या,
कमरेला डबी बांधली अन् हातात कागद दिला.
"चोवीस तास. काही झालं की वेळ लिहा,
काय करत होते ते लिहा. आंघोळ नाही."
मे महिना. पंचेचाळीस डिग्री. आंघोळ नाही.

अकरा दहा. वाडी नाका, ऑफिस.
सोळा गाड्या रस्त्यावर, एक गायब.
देवरीच्या पुढे बिसेनचा फोन लागून नाही राहिला.
सेठ विचारतो, माल कुठे?
मी म्हणतो, येऊन राहिला.
लिहिलं: खुर्चीत बसलो होतो. धडधड.
बसलेल्या माणसाला धावल्यासारखं काहून व्हावं,
याला कागदावर रकाना नव्हता.

एक वाजता काही नाही लिहिलं.
म्हणजे होतं, पण ते अकराचंच होतं,
अकराचं कालचं, कालचं मागच्या दिवाळीचं.
एकोणीस वर्षांची वेळ कशी टाकायची?

चार वीस. लिहिलं: नाश्ता.
निळकंठला सांगावं लागत नाही.
मला पाहिलं की तो पळी खोल घालत नाही,
वरवर फिरवतो, जिथं तेल असतं.
पोह्यावर तर्री उतरते, तवंगात ऊन हलतं,
पहिल्या घासाला कपाळावर घाम,
अन् पाच मिनिटं, मोजून पाच,
कोणाचाच फोन ऐकू येत नाही.
डॉक्टरला हे कसं सांगू,
की भीतीवरचं औषध ठेल्यावर मिळतं
अन् रात्री तेच छातीवर येऊन बसतं?

नऊ चाळीस.

बिसेन सापडला. टायर फुटला, मोबाईल मेला, एवढंच.
दर वेळी एवढंच असतं.
सुटलो म्हणून थेट सावजीत जाऊन बसलो.
काळा रस्सा, दोन भाकरी, मग परत रस्सा.
आमच्या आज्यानं मागावर बारा तास पाय मारून
जे पचवलं,
ते मी माऊस हलवून पचवायला निघालो.

तीन पाच. कूलरच्या घरघरीत आणखी एक घरघर.
डावा हात जड. की त्याच्यावरच झोपलो होतो?
ठोके मोजले, चाळीसला चुकलो, पुन्हा एकपासून.
कुंदा उठली. वायरी बाजूला सारून
दोन चकत्यांच्या मधे तिनं तळवा ठेवला.
"काय होऊन राहिलं?"
"काही नाही."
"मग लिहा तसं."
दिवा लावून लिहिलं: काही नाही.
अक्षर वाकडं आलं.

सकाळी पडद्यावर माझा कालचा दिवस सरकत गेला,
उंच, उंच, मधेच एकदम उंच.
"नऊ चाळीसपुढं कोरं काहून?"
फोनवर होतो, म्हटलं.
"फोनवर तर तुम्ही दिवसभर असता,"
नजर पडद्यावरच ठेवून शेंडेबाई,
"तोंडात काय होतं?"

डॉक्टर रक्ताचा रिपोर्ट वाचत राहिले.
चरबीचे आकडे पेनानं गोल केले.
मग पेन टोपणात घालून म्हणाले,
आधी गोळी तेलाची द्यावी का काळजीची, सांगा.
मी हसलो. ते नाही हसले.
दोन्ही लिहून दिल्या, अन् चालायला सांगितलं,
रोज, फोन घरी ठेवून.
फोन घरी ठेवून! सेठला हे कोण सांगणार?

दुपारी ठेल्यापाशी उभा राहिलो.
शर्टाखाली पाच गोल चुरचुरत होते.
"तर्री कमी," म्हटलं.
निळकंठची पळी हवेतच थांबली.
"कमी?"
खिशात फोन थरथरायला लागला.
पळीतून एक थेंब पडला, मग दुसरा.
चार अठरा.
लिहायला कागद नव्हता.