पोहायला कुठं शिकावं

उदगीरला बदलून आले तेव्हा मला सेहेचाळीस पूर्ण होती.
खोली मिळाली. गॅस मिळाला. दोन वेळच्या पोळ्यांना संगव्वा मिळाली.
मग एका रविवारी चहाच्या टपरीवर विचारून बसले,
इथं पोहायला कुठं शिकता येईल हो?

गाळणी हवेतच थांबली.
"नळ आठ दिवसाला येतोय, म्याडम.
पहिल्यांदी बॅरल घ्या दोनशे लिटरचं.
झाकण बसतंय का बघून घ्या."
सल्ला पक्का निघाला.
निळं घेतलं, झाकण बसतं.

ऑफिसात उजळंबकर म्हणाले, हौस पाहिजेच माणसाला.
तुम्ही असं करा, बीदरला जाऊन या.
सकाळची गाडी धरा, जाताना डावी खिडकी,
येताना उजवी, ऊन लागत नाही.
अहो, मी पोहण्याचं विचारतेय.
"तेच सांगायलोय की. आधी फिरा. मग सुचतंय."
(गेले मी बीदरला. किल्ल्यात एक कोरडा हौद होता,
त्याच्या पायरीवर बसून भजी खाल्ली.)

कुणी म्हणालं, कान दाखवून घ्या डॉक्टरला.
कुणी म्हणालं, या वयात भरतकाम बरं.
मेडिकलवरच्या पोरानं तर मान वर न करता सांगितलं,
व्हिडिओ बघा, मावशी.
बांगडीवाल्या नसीम आपा हात दाबत म्हणाल्या,
"डरना नक्को, बेटी. बाकी का पानी कर लेता."
आणि दोन-चारच्या बांगड्यांत
माझा दोन-सहाचा हात घातलाच त्यांनी.

का शिकायचंय, हे मात्र कुणी विचारलं नाही.
विचारलं असतं तर सांगितलं असतं,
मंठ्याजवळ आमची विहीर होती.
तिच्या काठावर चार भावांचे कपडे सांभाळत
मी सगळे उन्हाळे बसून काढले.
कपडे एकदाही हरवले नाहीत.

शेवटी बसवराज अप्पांकडं गेले. सात परस विहीर त्यांची.
अप्पा हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.
कपाळावरची विभूती सुपारीसारखी आखडली त्यांची.
"पांगऱ्याचं लाकूड बघा कुणाकडं.
पूर्वी भोपळे बांधायचे पाठीला,
आता भोपळा वाळूस्तोवर ठेवतंय कोण?
आणि पाणी दोनच परस हाय सध्या.
दसऱ्यापर्यंत दम धरा."

त्या रात्री डबा ठेवून संगव्वा गेलीच नाही.
दाराशी उभी. पदराचं टोक पिळत.
महिनाभर माझी सगळी चौकशी ऐकली होती तिनं,
एक शब्द बोलली नव्हती.
"मला येतंय, म्याडम."
काय येतंय?
"पोहायला. माहेरात काष्टा मारून
थारोळ्यावरनं उडी टाकायचे मी.
पंधराव्या वर्षी लग्न झालं.
तवापासनं पाणी डोक्यावरच.
खाली कधी नाही."

आता आम्ही गच्चीवर शिकतो.
गव्हाच्या पोत्यावर मी पालथी,
संगव्वा घोटे धरून,
"गुडघ्यातनं नको, मांडीतनं मारा. बेडूक बघितलाव का कधी?
श्वास सोडा. सोडा की!"
शेजारची पोरं कठड्यावर रांगेत बसून हसतात.
त्यातली एक, नववीतली, हसत नाही,
हात तेवढे हलवून बघते.

परवा असंच पोत्यावर निम्म्या विहिरीत असताना
खालून ओरडा झाला, नळ आलाय, नळ!
दोघी धावलो. मी पाइप धरला.
बॅरल भरत आलं तशी संगव्वानं
बांगड्या मागं सारल्या
आणि हात कोपरापर्यंत आत घातला.
काढलाच नाही बराच वेळ.
पाणी काठावरून माझ्या पायावर सांडत होतं,
गल्लीत सांडणाऱ्याला शिव्या बसतात,
तरी मी तोटी बंद केली नाही.

त्या दिवशी पोळ्या उशिरा झाल्या.