फक्की

सिंदेवाहीच्या कॉलेजात कोवे मॅडमचा
तिसरा दिवस. घमेल्यात फक्की घेऊन
कबड्डीची मधली रेघ मारली त्यांनी,
गेली धानाच्या बांधासारखी.

लेनगुरे सर निंबाखाली, महिन्याभरात रिटायर.
रेघेबद्दल बोलले नाहीत.
म्हणाले, "शिट्टी कमी वाजवा जी.
पोरी धान कापून आल्या,
आधी पाठ पाहा त्यांची.
अन् साडेपाचची एस.टी.…
एकदा चुकवली मी. सामना जिंकलो होतो.
घरच्यांनी शेवंताला परत पाठवलंच नाही."

पोरी त्याच रेघेवर खेळल्या, भांडल्या:
"इथून औट, तिथून नाही, असं कसं मॅडम?"

सकाळी मैदानात सुतळी ताणलेली.
एक टोक मॅडमच्या अंगठ्याखाली,
दुसरं त्या भांडकुदळ पोरीच्या.
सरांनी सायकल फाटकातूनच वळवली,
चहाकडे.