जरा बाजूला

तोइवो हार्यू, वय एक्क्याऐंशी,
डुलुथच्या मालबोटीवरचा जुना आचारी,
तक्ता घडाघडा म्हणाला, पार शेवटच्या ओळीपर्यंत.
मी तक्ता बदलला.
तो गप्प झाला.

रेसिडेन्सीचा तिसरा महिना.
पीतबिंदूवरचे व्रण मला आता ओळखू येतात,
पण ‘हे भरून येणार नाही’
एवढं वाक्य अजून घशाशी अडतं.
डॉक्टर व्हेलन दाराशी उभ्या.
मदतीला येत नाहीत, मुद्दामच.

सांगितलं एकदाचं.
तो म्हणाला, वाचायचंय कुणाला?
गळाच्या नेढ्यात दोरा जात नाही,
त्याचं बोल.

मग दिव्याचं भिंग काढलं,
काळ्या कापडावर पांढरा दोरा ठेवला,
आणि सांगितलं : समोर बघू नका.
मधोमध आता काही नाही.
माझा चेहरा हवा असेल
तर माझ्या कानाकडे बघा.

बघत राहिला.
खाली बर्फ लोटणारी गाडी येऊन गेली,
पुढचा पेशंट दोनदा खोकला,
दोरा तसाच टेबलावर.

“पोरी,” कानाकडे बघतच तो म्हणाला,
“हनुवटीला पिवळं काय लागलंय तुझ्या?
डोळ्यात घालायचं औषध?
सकाळपासून
कुणालाच दिसलं नाही?”