सैल तंगूस

गोलाणी मार्केटच्या तळमजल्यावर,
मोबाइलची कव्हरं आणि टॉर्च यांच्यामधल्या काचेवर
पोरानं पाच डब्या मांडल्या.
"काका, मासा लागला की वाजतं."
खाचेत तंगूस ठेवून त्यानं हळूच ओढला.
इवलंसं चाक फिरलं, हिरवा दिवा लागला.
पोरगा माझ्याकडं बघत राहिला,
मी दिव्याकडं.

"वाजलं ना?"
वाजलं असणार.
शेजारच्या दुकानातली बाई वळून बघत होती.

माझ्या कानांचं असं आहे,
बत्तीस वर्षं केबिनमध्ये गेली, भुसावळच्या अलीकडं.
आधी रातकिडे गेले,
मग कुकरच्या शिट्टीचं टोक,
मग नातीच्या बोलण्यातलं काहीतरी, नेमकं काय ते कळत नाही.
जाडे आवाज अजून शाबूत आहेत :
डिझेल इंजिन, म्हैस, धुडकू भोई.

धुडकू सोबत होताच.
दुसऱ्याचं तान्हं परत द्यावं
तशी त्यानं डबी काचेवर ठेवली.
"अठराशे पन्नास? येवढ्यात तं भो
तीन वर्सं मीच मासे पोचवतो तुह्या घरी."

पहिली डबी बारीक किंचाळते, ती बाद.
दुसरीत पाणी गेलं की संपलं.
तिसरीला नाजूकपणा कमी करायचं बटणच नाही,
आणि हतनूरच्या फुगवट्यावर दुपारी वारा सुटतो
तेव्हा तंगूस नुसता थरथरतो.
वाऱ्याला मासा समजणारं यंत्र
आणि त्यावर विश्वास ठेवणारा म्हातारा,
दोघं मिळून रात्रभर उठणार, बसणार.

उरल्या दोन.
तेव्हा धुडकूनं विचारलं,
काचेवर कोपर टेकून, अगदी सावकाश :
"मी तंगुसाले कणकेची गोळी टांगतो, लिंबायेवढी.
मासा गळ घेऊन पळाला तं गोळी वर जाते.
पन तुह्याकडंच आला, तं तंगूस सैल पडतो, गोळी खाली येते.
तुहं हे खोकं सांगीन का,
गेला का आला?"

पोराला प्रश्नच कळला नाही.
मला कळला. पाठीच्या मणक्यात कळला.
तीन ठोके : गाडी निघाली.
चार ठोके : गाडी पोचली.
जाण्याला आणि येण्याला एकच घंटा असती
तर मी इथं डब्या निवडत उभा नसतो,
आणि इतरही पुष्कळ जण नसते.

पाचव्या डबीत दोन सूर होते.
ओढला की एक, सैल सोडला की दुसरा, खालचा.
बाजूची कळ मी पार शेवटपर्यंत फिरवली,
जाड, आणखी जाड,
हंबरल्यासारखा आवाज आला तेव्हा म्हटलं,
हे द्या.
पोरगा म्हणाला, "सगळे उलट्या बाजूला फिरवतात, काका."

चैतातली रात्र. पलीकडं केळीच्या बागा,
कुणाची तरी मोटर अधूनमधून खोकते.
गळाला शेंगदाण्याची पेंड, हिंग थोडा जास्तच.
धुडकूची काठी माझ्या काठीशेजारी,
तिला गोळी, माझीला अठराशे पन्नास.
दहाला भरीत-भाकरी. अकराला तो घोरायला लागला.

तीन वाजून गेल्यावर
खालचा सूर लागला.
काहीतरी माझ्याकडं येत होतं.
मी उठलो, अंधारात हात पुढं गेला,
आणि खरं सांगतो, काठीकडं नाही,
डावीकडं गेला,
छातीच्या उंचीवर, जिथं लिव्हर असायचा.
मूठ रिकामी मिटली.
मग सावरलो, रिळ गुंडाळत गेलो, गुंडाळत गेलो,
पलीकडून जडपणा लागेपर्यंत.

कटला होता. सात-आठ किलोचा असेल,
वजन करायला काही नव्हतं.

धुडकूला हलवायला वळलो तर
त्याच्याही काठीचा तंगूस सैल,
रिळाखाली मातीत
कणकेची गोळी पडलेली,
आणि तिच्यावर मुंग्यांची रांग
येणारी, जाणारी.