गुंडाळलेली जमीन

दिल्लीहून आलेला त्यांचा ट्रक
पुलाच्या अलीकडेच थांबला.
पुढे माझी ट्रॉली.
सहा गुंडाळ्या, काळ्या, रबरासारख्या,
एकेक उचलायला चार माणसं.
मॅनेजर मुलगी म्हणाली, दादा, ही आमची जमीन.
हिला घडी पडू देऊ नका,
घडीत पाय अडकला तर नाचणाऱ्याचा घोटा जातो.
मी खाली तणस अंथरली
आणि पहिल्या गिअरच्या वर गेलो नाही.
तीन किलोमीटरला पाऊण तास.
सायकलवरची पोरं पुढे जाऊन
परत येऊन विचारत होती,
का गा, डिझेल संपलं का?

कंपनी म्हणे देशाची.
आमच्याकडे कंपनी म्हणजे नाटकाची,
रात्री दहाला पडदा, कोंबड्याला शेवट,
मधे खून, लग्न, एक बाई हमखास रडणार.
ह्यांचं सगळं मिळून पन्नास मिनिटं
आणि तोंडातून शब्द नाही.
दहा मिनिटं कशीबशी गेली,
मग मागून फागो नन्नावरे ओरडला,
माइक बंद आहे गा! आवाजच येऊन नाही रायला!
मंडप हसला.
नाचणारे हसले नाहीत, थांबलेही नाहीत.

मग ते सोळा जण वाकले.

रोवणीच्या दिवसांत त्यातले तिघं येऊन गेले होते,
आठ दिवस बांधीत, अनुसया गुरनुलेच्या पाठीशी.
रोवणारी बाई उलटी सरकते हे त्यांना ठाऊक नव्हतं,
पहिल्या दिवशी तिचा धक्का लागून
तिघंही चिखलात बसले.

आता त्या काळ्या जमिनीवर
ना चिखल, ना हातात पऱ्ह्यांची पेंडी,
आणि सोळा डावे खांदे खाली गेले,
अडले,
मग उजवा हात.
बायांतून कुणी म्हणालं, अव्वो माय, अनुसया!
पुन्हा खांदे. पुन्हा अडले.
अनुसयेनं पदर तोंडाला लावला,
हसते की काय ते दिसेना.
नंतर कुणीच हसलं नाही.
ते तसेच मागे मागे सरकत
अंधारात गेले.

मी जनरेटरपाशी उभा.
तो खांदा अडतो ना,
ते रोवणीतलं नाही.
चार वर्षांपूर्वी ह्याच पुलाच्या वळणावर
एकवीस बाया होत्या ट्रॉलीत
आणि मला तिसरी खेप साधायची होती.
वीस जणी चिखलात पडल्या, उठल्या,
मला शिव्या देत लुगडी झटकू लागल्या.
एकविसावी दगडावर.
बांबूच्या कामट्या बांधून हाड बसवलं,
बसलं ते तसं.
पोलीस पाटलाला ती म्हणाली, माझाच तोल गेला.
मी काही म्हणालो नाही.

खेळ संपल्यावर त्यांचा शिकवणारा,
पांढऱ्या केसांचा, अनवाणी,
तिच्यासमोर उकिडवा बसला.
तो हिंदीत बोलला, मुलीनं मराठी केलं:
हे अडणं शिकायला आम्हाला चार महिने लागले.
दुसऱ्या कुठल्याच बाईत ते नव्हतं.
तुम्हाला कुणी शिकवलं?
माझी एक गुंडाळी अर्धी झाली होती.
हात तिथंच राहिले.
अनुसयेनं माझ्याकडे पाहिलं,
मग जमिनीकडे, उरलेल्या अर्ध्या.
असंच असते ते, म्हणाली,
पेंडीचं वजन पडते न.
त्यानं वहीत लिहून घेतलं.

ट्रकपाशी मुलीनं टॉर्च लावून पाहिलं,
एकही घडी नाही.
भाडं दिलं, वर पन्नास.

दुसऱ्या खेपेला पुलापलीकडच्या टोलीच्या बाया बसल्या,
अनुसयाही, उजव्या हातानं फळी धरून.
तणस तशीच होती खाली.
पूल आला, पहिला गिअर.
पूल गेला, तरी पहिलाच.
फागोची बायको ओरडली,
चालव ना गा जरा, थंडी वाजून रायली!
कुणीतरी म्हणालं, राहू दे त्याले.
आवाज कुणाचा
हे वळून पाहिलं नाही.